महिनाभर चालूनही वजन घटले नाही, तरी झोप आणि मन सुधारले. हे खरे मानावे का?

गोदाकाठ (नाशिक):

नमस्कार. माझे वय ४८ वर्षे असून मी एका पतसंस्थेत नोकरी करते. उंची १५७ सेंटीमीटर, वजन ७८ किलो. मार्चमधल्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.१ आली. डॉक्टरांनी अद्याप गोळी सुरू केलेली नाही. पाच-सहा किलो वजन कमी करा आणि रोज चाला, एवढेच सांगितले आहे. जिने उतरताना उजवा गुडघा दुखतो. गेल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून कशातच मन लागत नव्हते, आणि रात्री अडीच-तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नसे.

पाच आठवड्यांपासून मी आठवड्यातले सहा दिवस गोल्फ क्लब मैदानावरील ट्रॅकवर सकाळी पाऊण तास चालते. वजन मात्र ७८ वरून केवळ ७७.४ झाले आहे. घरातले म्हणतात की एवढ्या कष्टाचे काही चीज झाले नाही. परंतु माझा अनुभव वेगळा आहे. आता मी पहाटे साडेपाचपर्यंत सलग झोपते, कार्यालयात लोकांवर चिडत नाही आणि परवा कित्येक महिन्यांनी स्वयंपाक करताना मी गुणगुणत होते, हे माझ्या मुलीच्या लक्षात आले. वजन कमी झालेले नसताना हा फरक खरा असू शकतो का, की ही माझ्या मनाची समजूत आहे? आणि वजन घटण्यासाठी आणखी काय करावे?

मधुमेहमित्र:

ताई, हा फरक खरा आहे. गेली वीस वर्षे मी मधुमेहाचे रुग्ण तपासतो आणि व्यायामाचा लाभ वजनकाट्यावर सर्वांत उशिरा दिसतो, हे मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगतो. कारण काटा हलत नाही म्हणून दुसऱ्या महिन्यात चालणे सोडून देणारी माणसे मी फार पाहिली आहेत, आणि त्याचे मला दर वेळी वाईट वाटते.

आधी हिशेब पाहू. तुमच्या वजनाच्या व्यक्तीने पाऊण तास चालल्यास साधारण दीडशे ते दोनशे कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबी घटण्यासाठी सुमारे ७,७०० कॅलरींची तूट लागते. म्हणजे आहारात काहीही न बदलता केवळ चालण्याने महिन्याला अर्धा-पाऊण किलोच कमी होणार, आणि तुमचे तेवढेच झाले आहे. वजन मुख्यतः ताटातून कमी होते. व्यायाम ते पुन्हा वाढू देत नाही आणि वजनाशी संबंध नसलेली कितीतरी कामे करतो.

त्यांतले सर्वांत महत्त्वाचे काम स्नायूंचे आहे. चालताना आकुंचन पावणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेऊ शकतो, आणि पुढे एक-दोन दिवस तो इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. म्हणूनच मी दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नका, असे सांगतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात तुमच्यासारखीच मधुमेहाच्या सीमारेषेवरची ५३१ माणसे होती. आहार आणि व्यायाम सांभाळणाऱ्या गटात मधुमेह होण्याचा धोका तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटला, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्यांचे सरासरी वजन फारसे कमी झाले नव्हते. वजनही घटले तर लाभ आणखी मोठा असतो. अमेरिकेतील २००२ सालच्या अभ्यासात सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट दिलेल्या गटात धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. तुमच्या बाबतीत सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. तुमच्या डॉक्टरांनी हा आकडा अंदाजाने सांगितलेला नाही.

वजनापेक्षा कमरेचे माप अधिक पाहा, हा माझा आग्रह आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन) २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्या भारतीयांच्या चरबीचा पोटात आणि यकृताभोवती साठण्याकडे कल असतो. त्यामुळे आपल्याकडे स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही कमरेची मर्यादा धरली जाते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावावी, आणि दर महिन्याला त्याच जागी मोजावे.

गुडघ्याविषयी एवढेच सांगतो की एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

पर्वतीची पायरी (पुणे):

ताई, मी डॉक्टर नाही, पण या वाटेवरून गेलेला माणूस आहे. ५३ व्या वर्षी माझे वजन ९२ किलो होते आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या सुरू होत्या. मी इतका घोरत असे की पत्नी दुसऱ्या खोलीत झोपू लागली होती. पर्वती घराजवळ असल्याने मी तिथे जाऊ लागलो. पायऱ्या १०३ आहेत, रुंद आणि दगडी. पहिल्या दिवशी मी तिसाव्या पायरीच्या आसपास कठड्याला धरून उभा राहिलो तेव्हा माझ्या कानांत ठोके वाजत होते, आणि माझ्याहून वयाने मोठी असलेली एक बाई ‘सावकाश या, घाई नाही’ असे म्हणून पुढे गेली. ते शब्द माझ्या आजही उपयोगी पडतात.

चौदा महिन्यांत मी ८१ किलोंवर आलो. मात्र पहिल्या दोन महिन्यांत माझेही वजन जेमतेम किलोभर उतरले होते. त्याचे कारण मला पुढे कळले. चालून आल्यावर आपण आज व्यायाम केला आहे या समाधानात मी पोह्यांची दुसरी बशी घेत असे, वर शेव आणि गोड चहा. चालून खर्च केलेले सारे अर्ध्या तासात परत येत होते. आपल्या नाशिकमध्ये रविवारी चालणारे गट थेट मिसळीला जातात, हे मी पाहुण्यांकडे आलो की पाहतो. महिन्यातून एकदा जायला हरकत नाही, पण दर रविवारी नको. मी उपाशी कधीच राहिलो नाही. भाताचा हात निम्मा केला, उसळ आणि ताक वाढवले, चहातली साखर बंद केली आणि रात्रीचे जेवण साडेसातला आणले. रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे गल्लीतच शतपावली करतो. जेवणानंतरची साखर त्यामुळे कमी चढते, असे माझ्या डॉक्टरांनी ग्लुकोमीटरवर मला प्रत्यक्ष दाखवले.

आज माझी रक्तदाबाची एकच गोळी उरली आहे, आणि दुसरी डॉक्टरांनी बंद केली, मी माझ्या मनाने नव्हे. घोरणे जवळजवळ थांबले. पण सर्वांत मोठा लाभ विचाराल तर मुलाशी माझे रोज होणारे वाद कमी झाले. रागच येत नाही असे नाही; तो आला तरी आता मी क्षणभर थांबू शकतो. हे मला एकट्याला जाणवले असते तर मीही समजूतच म्हटले असते, पण मुलगा स्वतःहून बोलला.

अबोली:

गोदाकाठताई, आईविषयी वाचून वाईट वाटले. मी मनाच्या बाजूबद्दल लिहिते, कारण त्यातून मी गेले आहे.

मला तीन वर्षांपूर्वी नैराश्याचे निदान झाले. व्यायामाने मन सुधारते हे खरेच आहे. ड्यूक विद्यापीठात १९९९ साली पन्नाशी ओलांडलेल्या १५६ नैराश्यग्रस्त व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात सोळा आठवड्यांनंतर व्यायाम करणारा गट आणि सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे औषध घेणारा गट यांच्यातील सुधारणा जवळपास सारखीच आढळली होती. तरीही यावरून कोणी स्वतःची गोळी थांबवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझे दिवस असे होते की अंथरुणातून उठून दात घासणे हेच काम वाटायचे. त्या वेळी ‘जरा चालून ये, बरे वाटेल’ असे सांगणारे लोक मला क्रूर वाटत. औषधाने मला उठून बसवले आणि मग चालण्याने पुढे नेले. मला तरी हे दोन्ही लागले.

दुसरे म्हणजे, लवकर बारीक होण्याच्या नादी लागू नका. मी एका व्यायामशाळेच्या सांगण्यावरून दोन महिने अत्यंत तुटपुंजा आहार घेतला. नऊ किलो गेले, केस मुठीने गळाले, पित्ताशयात खडे झाले आणि पुढच्या वर्षात दहा किलो परत आले. वेगाने वजन उतरवणाऱ्यांना पित्तखड्यांचा धोका असतो, हे मला कोणीही आधी सांगितले नव्हते. महिन्याला दीड-दोन किलो पुरेसे आहेत.

ताई, पहाटेची झोपमोड आणि कशातच मन न लागणे आता कमी होत आहे, हे चांगले लक्षण आहे. ते पुन्हा वाढले, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मी एकदा रात्री अकरा वाजता फोन केला होता आणि पलीकडच्या मुलीने माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले होते.

गोदाकाठ:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. पोह्यांच्या दुसऱ्या बशीबद्दल वाचून मी थांबले, कारण चालून आल्यावर दोन बटर आणि चहा हे माझेही ठरलेलेच आहे. रविवारची मिसळ आता महिन्यातून एकदा.

काल कंबर मोजायला टेप शोधत होते. आईच्या शिलाई मशीनच्या खणात तिची पिवळी टेप सापडली, एका टोकाला तिने निळ्या दोऱ्याने गाठ मारलेली. गेले वर्षभर मी तो खण उघडला नव्हता. माप ९७ सेंटीमीटर आले. मार्चमधल्या तपासणीच्या कागदावर ९९ लिहिलेले होते, त्याकडे माझे लक्षच गेले नव्हते. टेप मी आता बाहेर कपाटावरच ठेवली आहे.

मधुमेहमित्र, एक विचारायचे राहिले. गुडघा दुखत असताना ताकदीचा कोणता व्यायाम सुरू करावा?

मधुमेहमित्र:

दोन सेंटीमीटर पोटावरून गेले असतील तर साखरेच्या पुढच्या तपासणीत त्याचा परिणाम दिसण्याची चांगली शक्यता आहे. मात्र दर वेळी त्याच जागी मोजत राहा.

ताकदीसाठी मांडीच्या पुढच्या स्नायूंपासून सुरुवात करा. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसा, जमल्यास हातांचा आधार न घेता उठा आणि चार आकडे मोजत सावकाश बसा. असे आठ वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस. दुखले तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चालेल, पण गुडघा सुजला तर थांबून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि आकडा इथे जरूर कळवा.