प्रति: रेड वाईन फ्रिजमध्ये ठेवायची की नाही
रेड वाईन फ्रिजमध्ये ठेवूच नये, हे वरच्या प्रतिसादातलं मत ठाण्यात राहून पटत नाही. तो नियम थंड हवेच्या देशांतला. रेडला १५ ते १८ अंश पुरतात. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावर ठेवलेली बाटली ३० च्या पुढे सहज जाते. तेवढी कोमट शिराझ (त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाईन) प्यायली की नाकात नुसतं अल्कोहोल जातं, फळाचा वास दबतो आणि मंडळी द्राक्षालाच नावं ठेवतात. उघडायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, मग बोलू.

लेबलवर द्राक्षाचं नाव बघून वाईन घ्यावी, हे मात्र मान्य. फक्त सोबत लेबलवरचं साल, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष पण बघा, त्याबद्दल इथे कुणीच लिहिलं नाहीये. नाशिककडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. त्यामुळे दिवाळीच्या आसपास त्याच वर्षाची शेनिन ब्लाँ (त्या नावाच्या द्राक्षाची व्हाईट वाईन) दुकानात मिळू शकते. आपल्याकडच्या रोजच्या शेनिन किंवा सोव्हिन्याँ ब्लाँ (हीपण व्हाईटच) ताज्या असतानाच चांगल्या लागतात, 'जुनी ती भारी' हा हिशेब त्यांना लागू नाही. घोडबंदर रोडला काचेलगत उन्हात उभ्या केलेल्या बाटल्या दिसतात, त्या मी डिस्काउंटमध्येही घेत नाही. आतल्या रॅकवरची मागतो. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने सुरमई फ्रायबरोबर थंडगार सोव्हिन्याँ घ्यावी. शेनिन बऱ्याचदा किंचित गोडसर असते, ती तिखट कोळंबीला बरी.