नृत्यवर्गाच्या कार्यक्रमाची डीव्हीडी घरीच करायची आहे, एडिटिंगला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

कोथरूडकर:
भरतनाट्यमच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात झाला. एकूण २ तास १० मिनिटं. मुख्य कॅमेऱ्याच्या फायली एव्हीसीएचडी (हँडीकॅमचा एचडी फॉरमॅट), १०८० ५०आय. शिवाय बाजूने मोबाइलवर घेतलेले ३० फ्रेमचे तुकडे. मुलींच्या आजी-आजोबांकडे साधे डीव्हीडी प्लेअर आहेत, पेनड्राइव्ह चालत नाही. मराठी मेन्यू आणि प्रत्येक नृत्याला वेगळं बटण हवं. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरेल की विकतचं घ्यावं? विंडोज १०, रॅम ८ जीबी.

टाइमलाइन_पुणे:
विकतचं घेऊ नका. रिझॉल्व्ह चांगलंच आहे, पण ८ जीबीवर अडखळेल आणि डीव्हीडीचा मेन्यू त्यात बनत नाही. ही तीन वेगळी कामं आहेत: कापाकापी शॉटकटमध्ये, मेन्यू डीव्हीडीस्टायलरमध्ये, बर्निंग इमगबर्नमध्ये. तिन्ही फुकट. नुसती एमपी४ फाइल डिस्कवर ओढून टाकली तर जुना प्लेअर ती वाचत नाही; त्याला व्हिडिओ_टीएस फोल्डर आणि आत व्हीओबी, आयएफओ फायली लागतात.

शॉटकटमध्ये प्रोजेक्ट सुरुवातीलाच पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) वाइडस्क्रीन, ७२० बाय ५७६, २५ फ्रेमवर ठेवा. मोबाइलचे तुकडे आधी हँडब्रेक या फुकट कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट २५ करून घ्या. फोन फ्रेमरेट कमीजास्त करत राहतो, म्हणून पुढे पुढे घुंगरू आणि पाऊल जुळत नाहीत. ३० चे २५ करताना फ्रेम गळतात, हालचाल किंचित तुटते. तेव्हा मोबाइलचे शॉट चेहऱ्याच्या क्लोजअपपुरतेच वापरा आणि आवाज सलग मुख्य कॅमेऱ्याचाच ठेवा.

बिटरेट_बघा:
वर सगळं बरोबर, पण ५०आयचा मुद्दा राहिला. ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड, एकाआड एक ओळींच्या दोन भागांत टिपलेलं. असं चित्र तसंच लहान केलं तर फिरत्या हाताच्या कडेला फणीचे दात दिसतात. क्लिपच्या प्रॉपर्टीत स्कॅन मोड इंटरलेस्ड, टॉप फील्ड फर्स्ट आहे का बघा आणि एक्सपोर्ट प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेमचं) करा. हालचालीचा गुळगुळीतपणा थोडा जातो, पण घरी करायला हाच मार्ग सुरक्षित.

आता जागा. साध्या डिस्कवर ४.७ जीबी, म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. २ तास १० मिनिटं म्हणजे ७,८०० सेकंद, भागाकार ४.८, म्हणजे सेकंदाला ४.८ मेगाबिट (एमबीपीएस). मेन्यू आणि आवाज वजा जाता व्हिडिओला ४.३ एमबीपीएस उरतात. भाषणाला चालेल, तिल्लान्याच्या (शेवटच्या वेगवान नृत्याच्या) वेगात चौकोन दिसणारच. मध्यंतराला तोडून दोन डिस्क करा आणि व्हिडिओ ६.५ ते ७ एमबीपीएसवर ठेवा. मर्यादा ९.८ ची असली तरी घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तेवढ्यावर अडकतात. आवाज एसी३ (डॉल्बीचा दाबलेला प्रकार), ४८ किलोहर्ट्झ, १९२ किंवा २२४ केबीपीएस. पीसीएम (न दाबलेला आवाज) नको, तो एकटाच दीड एमबीपीएस खातो.

कोथरूडकर:
धन्यवाद, दोन डिस्क करतो. मेन्यूत मराठी अक्षरं नीट येतील का?

टाइमलाइन_पुणे:
जोडाक्षरांचा भरवसा नको. ‘पुष्पांजली’, ‘अलारिप्पू’, ‘वर्णम्’ ही नावं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पूर्ण चित्र पार्श्वभूमी म्हणून टाका आणि त्यावर फक्त पोकळ चौकटीची बटणं ठेवा. जुने टीव्ही कडा कापतात, तेव्हा चारही बाजूंनी १० टक्के जागा सोडा.

नृत्यांचे वेगळे टायटल न करता एकाच टायटलमध्ये चॅप्टर करा, म्हणजे कार्यक्रम सलगही चालतो. चॅप्टर दोन नृत्यांमधल्या काळोखात ठेवा, कारण खूण नेमक्या फ्रेमवर न बसता अर्धा सेकंद इकडेतिकडे होऊ शकते. डीव्हीडीस्टायलरमध्ये व्हिडिओचा फॉरमॅट ‘कॉपी’ ठेवायला विसरू नका, नाहीतर शॉटकटमधून काढलेला तयार एमपेग-२ (डीव्हीडीला लागणारा व्हिडिओ प्रकार) पुन्हा एनकोड होऊन दर्जा घसरतो.

बिटरेट_बघा:
बर्न करताना वेग ४एक्स किंवा ८एक्स, व्हेरिफाय चालू. डिस्क काठोकाठ भरू नका. लेखन आतून बाहेर जातं आणि चुका बाहेरच्या कडेलाच जास्त होतात. डीव्हीडी-आर घ्या, जुन्या प्लेअरला ती जास्त मानवते. तपकीर गल्लीत (पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात) चौकशी करा, पण सुट्या, बिनाब्रँडच्या डिस्क टाळा. कागदी स्टिकर लावू नका, वजन एका बाजूला जाऊन डिस्क थरथरते. नाव मऊ टोकाच्या मार्करने मधल्या रिंगजवळ लिहा.

पहिली प्रत डीव्हीडी-आरडब्ल्यूवर (पुसून पुन्हा वापरता येणाऱ्या डिस्कवर) काढून एखाद्या आजोबांच्या प्लेअरवर लावून बघा. कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये चालली म्हणून झालं असं समजू नका, ते चुकीच्या फायलीही चालवतं.