मदत हवी आहे: गाडीचं कूलंट बदललं, आता तापमानाचा काटा वर चढायलाय. उद्या सकाळी निघायचंय

खानापूर_रोड
आज दुपारी घरीच कूलंट बदललं. जुनं काढलं, पाण्यानं धुतलं, नवीन भरलं. आजवर काटा कधी अर्ध्याच्या वर गेला नव्हता. आता तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत जाऊन आलो तर पाऊण भागावर. डॅशबोर्डच्या आतून पाणी खळखळल्यासारखा आवाज पण येतोय. उद्या सावंतवाडीला लग्न आहे, बेळगावातनं आंबोली घाटानं जायचंय, घरची सगळी गाडीत. काय करू? लवकर सांगा. 'मिस्त्रीकडे जा' म्हणू नका, आज रविवार, सगळी गॅरेजं बंद आहेत.

घाटवाट_६३
कुठली गाडी?

अनगोळकर
आणि कुठल्या सालची? पेट्रोल की डिझेल? कूलंट तयार मिश्रण की पाणी मिसळून वापरायचं कॉन्सन्ट्रेट? किती निघालं, किती गेलं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार ओ?

खानापूर_रोड
सॅन्ट्रो झिंग २००९, पेट्रोल. कूलंट हिरवं.

अनगोळकर
रंग विचारला नव्हता.

निपाणीकर_जुना
थर्मोस्टॅट काढून टाका, विषय संपला. आमची ट्रॅक्स तवंदी घाटात दर उन्हाळ्यात उकळायची. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढला, त्यानंतर विकेपर्यंत काटा जागचा हलला नाही.

उद्यमबाग_लेथ
काका, काटा हलला नाही म्हणजे गाडी कधी नीट गरमच झाली नाही. इंजिन थंड चाललं की पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये ओल धरते, पिस्टन-रिंगांची झीज वाढते. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो, तोवर पाणी इंजिनातच फिरतं आणि ते लवकर तापतं. कंपनीनं तो उगाच बसवलेला नाही. यांची गाडी सकाळपर्यंत ठीक होती, थर्मोस्टॅट दुपारी मेला काय?

निपाणीकर_जुना
आम्ही ३० वर्षं गाड्या चालवल्या, पुस्तकं वाचली नाहीत.

उद्यमबाग_लेथ
ट्रॅक्सचा रेडिएटर तेव्हा चोंदला असणार, काका. थर्मोस्टॅट काढून रोग लपवला मिस्त्रीनं.

मलप्रभेचं_पाणी
कूलंट हाच मुळात पैसे काढायचा धंदा आहे. काश्मीरला जायलाय काय? बेळगावात पाणी गोठतं का? नळाचं पाणी घाला आणि बिनधास्त जा.

अनगोळकर
गोठू नये म्हणून घालत नाहीत आपल्याकडे. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असलं की उकळायचा बिंदू १०० वरून १०६-१०८ पर्यंत जातो, वर रेडिएटरच्या कॅपमुळे दाब राहतो, त्यानं आणखी वर. आणि खरं काम गंज थांबवायचं. सॅन्ट्रोच्या इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे. बोअरचं पाणी घालून बघा, दोन उन्हाळ्यांत रेडिएटरच्या नळ्यांत कल्हईच्या भांड्यासारखा पांढरा थर बसतो.

मलप्रभेचं_पाणी
बोअरचं म्हटलं नाही, नळाचं म्हटलं.

अनगोळकर
आठवड्यातनं किती दिवस येतंय तुमच्या गल्लीत? बाकीचे दिवस काय घालणार?

शहापूर_गल्ली
एसीचा गॅस पण चेक करून घ्या. माझ्या आय-टेनचा एसी गार होत नव्हता, गॅस भरला, एकदम मस्त झाला.

घाटवाट_६३
एसीचं कुठं आलं यात?

खानापूर_रोड
माझ्या प्रश्नाचं कुणी बोलेल काय? कॅनवर 'पाणी मिसळू नका, थेट वापरा' असं लिहिलंय. पाच लिटरचा कॅन, त्यातला तीनच्या आत गेला, मग वरपर्यंत भरलं म्हणून झाकण लावलं. निघालेलं मोजलं नाही, टबात काढलं.

उद्यमबाग_लेथ
आता कामाचं बोललात. आणखी दोन गोष्टी सांगा. एक, धुताना पाणी रेडिएटरमधनं सोडलं तेव्हा इंजिन चालू होतं की बंद? दोन, भरताना हीटरचा नॉब कुठं होता?

खानापूर_रोड
धुताना थोडा वेळ चालू केलं होतं. हीटर कशाला लावू मे महिन्यात?

उद्यमबाग_लेथ
तिथंच आहे. हवा धरलीय. रेडिएटरचा खालचा प्लग काढला की फक्त रेडिएटरमधलं आणि आजूबाजूचं पडतं. इंजिनच्या ब्लॉकमधलं आणि डॅशबोर्डमागच्या हीटरच्या छोट्या रेडिएटरमधलं बरंचसं तसंच राहतं. नवीन घालताना वरून भरल्यासारखं दिसतं, पण आत कुठंतरी हवेचा फुगा अडकलेला असतो. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी पलीकडे जायला वाट कमी, म्हणून कॅन अर्धा राहिला. खळखळ येतेय ती हीटरच्या पाइपातली हवा. एक खात्री करा: आता हीटर पूर्ण लालवर लावला तर गरम हवा येते का?

खानापूर_रोड
लावून बघितलं. आधी थोडी कोमट आली, मग गारच.

उद्यमबाग_लेथ
इंजिन तापलंय आणि हीटर गार, म्हणजे हवाच. आत्ता काही उघडू नका. पूर्ण गार होऊ द्या, दीड-दोन तास. कॅपवर तळहात टेकवून गार लागल्याशिवाय कॅपला हात लावायचा नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं.

येळ्ळूरची
भाऊ, तो टब झाकून ठेवलाय काय? कूलंट चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि किडनी जाते. आमच्या शेजाऱ्यांकडे कुत्रं गेलं असंच. गटारात ओतू नका, गोठ्याजवळ तर अजिबात नको.

खानापूर_रोड
टब अंगणात आहे, झाकतो. गाडी उघडी ठेवून बसलोय, गार व्हायलीय. पुढं?

उद्यमबाग_लेथ
गाडी अशी लावा की नाक चढाच्या बाजूला येईल. तुमच्याकडे गेटपुढं उतार असला तर उत्तम, नसला तर पुढची चाकं फळीवर चढवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. रेडिएटरची कॅप कूलंटच्या वाटेतली सगळ्यात उंच जागा व्हायला पाहिजे, हवा वरच येते.

कॅप काढा. हीटरचा नॉब पूर्ण लालवर, पंखा एकवर. एसी बंद. काही गाड्यांत हीटरकडचा व्हॉल्व्ह नॉबनं उघडतो, काहींत पाणी कायम फिरतं. कसंही असो, लालवर ठेवायला आपलं काय जातंय? नरसाळं लावून रेडिएटरच्या मानेपर्यंत कूलंट भरा, गाडी चालू करा आणि ॲक्सिलरेटर न दाबता आयडलिंगवर सोडा. वरचा जाड रबरी पाइप हातानं हळूहळू दाबा-सोडा, बुडबुडे येतील. तो पाइप आधी गार असतो. थर्मोस्टॅट उघडला की बघता बघता हात ठेवता येणार नाही एवढा गरम होतो आणि त्याच वेळी मानेतली पातळी एकदम खाली जाते. घाबरू नका, तेव्हाच भरायचं. मग रेडिएटरचा फॅन एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबा. फॅन आपोआप लागतो, बोटं आणि बाही लांब ठेवा. बुडबुडे थांबले, हीटर गरम आला की कॅप लावा. रेडिएटरच्या बाजूच्या कूलंटच्या डब्यात खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये पातळी ठेवा. सकाळी गार इंजिनवर परत बघा, डब्यातली थोडी उतरलेली असेल, तेवढी भरा.

अनगोळकर
बरोबर. फक्त तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. बारीक धारेनं घाला, तेही इंजिन चालू असताना.

निपाणीकर_जुना
एवढं सगळं करण्यापेक्षा दोन बोल्ट काढले की थर्मोस्टॅट बाहेर.

उद्यमबाग_लेथ
काका...

घाटवाट_६३
एक गोष्ट कुणी बोललं नाही. धुताना नळाचं पाणी आत राहिलं ना? समजा दीड लिटर पाणी आत आहे आणि त्यावर तीन लिटर ५० टक्क्यांचं तयार मिश्रण गेलं, तर आता ते ३३ टक्क्यांवर आलं. उद्याच्या प्रवासाला चालेल, गाडी थांबणार नाही. पण पावसाळ्यापूर्वी परत एकदा काढून भरा. धुऊन भरायचं असलं की कॉन्सन्ट्रेट घ्यायचं आणि आत राहिलेलं पाणी हिशोबात धरून बॅटरीत घालतात ते पाणी वापरायचं. आणि आधी गाडीत कुठल्या जातीचं कूलंट होतं ते बघून त्याच जातीचं. रंगावर विश्वास ठेवू नका, कंपन्या कुठलाही रंग कशालाही देतात. दोन वेगळ्या जाती मिसळल्या तर कधी कधी आत चिकट लापशी होते.

मलप्रभेचं_पाणी
बघा, शेवटी पाणीच घालायचं आलं!

शहापूर_गल्ली
आंबोलीवरून जाणार तर पेट्रोल इकडेच भरून जा, पलीकडे महाराष्ट्रात महाग आहे.

निपाणीकर_जुना
आता कसला महाग, पूर्वीसारखा फरक राहिला नाही. एकेकाळी कोगनोळीच्या अलीकडे कोल्हापूरच्या गाड्यांची रांग लागायची.

घाटवाट_६३
पेट्रोलचा धागा वेगळा आहे. गाडीवाले दादा, लक्षात ठेवा, जाताना घाट उतरायचाय, इंजिनवर भार नाही, काटा ठीकच दिसेल. परीक्षा परतताना, दाणोली सोडल्यावर चढ सुरू होतो तेव्हा. तिथं काटा अर्ध्याच्या वर जायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण लालवर, काचा खाली, खालचा गिअर. तरी वर गेला तर जागा बघून थांबा, बॉनेट उघडा, कॅप नाही. माणसं उकडली म्हणून ओरडतील, ओरडू देत.

खानापूर_रोड
केलं. मानेतनं बुडबुडे आले, मग पातळी भसकन खाली गेली. त्यानंतर लिटरभराच्या वर आणखी गेलं. फॅन लागून बंद झाला. हीटर इतका गरम की आत बसवेना. पिरनवाडीपर्यंत फेरी मारली, काटा अर्ध्याच्या खाली आहे, खळखळ नाही. पण आता गाडीखाली थेंब पडायलेत. सगळं व्यर्थ काय?

अनगोळकर
खालचा प्लग किती आवळलाय? त्याची रबरी रिंग जुनी असली तर ठिबकते. प्लास्टिकचा प्लग आहे, जोर लावू नका, आटा जातो.

उद्यमबाग_लेथ
थांबा. थेंब कुठं पडायलेत? पुढं मधोमध की डावीकडे बसणाऱ्याच्या पायांच्या खाली? आणि फेरी मारताना एसी लावला होता काय?

खानापूर_रोड
लावला होता. डावीकडेच.

उद्यमबाग_लेथ
बोटावर घेऊन बघा. कूलंट असेल तर हिरवट, बोटांत चिकट, गोडसर वास. चाखू नका मात्र. एसीचं असेल तर साधं स्वच्छ पाणी.

खानापूर_रोड
पाणीच आहे. वास नाही, चिकट नाही.

शहापूर_गल्ली
बघा, एसीचं बोललो होतो मी!

अनगोळकर
तुम्ही गॅसचं बोलला होता ओ.

येळ्ळूरची
टब झाकला ना?

खानापूर_रोड
झाकला. जुनं कॅनमध्ये भरून ठेवलंय, उरलेलं नवीन डिकीत घेतो. सकाळी पातळी बघून निघतो.

बोलेरो_कित्तूर
माझ्या बोलेरोला किती लिटर लागेल? अर्जंट.

अनगोळकर
कुठल्या सालची? डिझेलच असणार, पण मॉडेल कुठलं? नवीन धागा काढा आणि सगळं आधी लिहा.