मदत हवी आहे: देवगड ते वेंगुर्ला कयाकने, मुक्काम कुठे करावेत?

हिप्परगेकर:
नमस्कार. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आटोपली की आम्ही चौघं सोलापूरहून निघतोय. देवगडला पाण्यात उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ला गाठायचं, रात्री तंबूत. अंतर ७० किमीच्या आसपास भरतंय. इथल्या हिप्परगा तलावावर तासाला ५-६ किमी आरामात निघतात, म्हणून रोज २५ धरलेत. मुक्कामाच्या जागा तेवढ्या सांगा. जीपवाल्याला उद्या तारीख कळवायची आहे.

भीमातीर:
एवढ्या लांब कशाला? उजनीत जा की. हिवाळ्यात रोहित पक्षी असतात, भिगवणच्या बाजूला पहाटे वल्हवायला मजा येते.

काठावरचो मालवणी:
होडी खंयची, ता आधी सांगा. कडक की हवा भरायची? पुढे-मागे पाणी न शिरणारे कप्पे आहेत का? चौघांतलं कोण समुद्रात वल्हवलंय?

हिप्परगेकर:
होडीचा प्रश्नच नाही, ती आहे. पोहायला सगळ्यांना येतं. मी मुक्काम विचारलाय.

सोन्नलगी:
जेवणाचं मी सांगते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्या. भाकरी आठवडाभर टिकते, चूल पेटवायची गरज नाही. फक्त डबा घट्ट झाकणाचा हवा, खाऱ्या हवेनं भाकरी सादळते. पांघरायला आपली सोलापुरी चादर.

रानवाटा:
ताई, भाकरी ठीक, पण चादर नको. सुती कापड एकदा खाऱ्या पाण्यात भिजलं की कोकणातल्या दमट रात्री वाळत नाही. आणि पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरा.

काठावरचो मालवणी:
दादा, मी उगाच विचारत नाही. जानेवारीत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे. हवेची होडी त्यावर वाळक्या पानासारखी बाहेर जाते. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो. तो पाठीमागून येतो म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचा तुमचा बेत बरोबर आहे, पण लाटा वाढतात. उजाडताच निघा आणि अकरापर्यंत किनाऱ्याला लागा. म्हणजे २५ किमी विसरा, १५ धरा.

हिप्परगेकर:
बरं. दोन आहेत, दोघा-दोघांच्या, हवा भरायच्याच. जाड कापडाच्या आहेत, हिप्परग्यावर काही त्रास झाला नाही. समुद्रात अजून नाही उतरलो.

भीमातीर:
मग माझं ऐका. मे २०२४ मध्ये उजनीतच कुगाव-कळाशीच्या बोटीला वादळी वाऱ्यानं उलटवलं, सहा जण गेले. तो तर धरणाचा फुगवटा. लाइफ जॅकेट चौघांनाही, आणि सतत अंगावर.

तिथीवाला:
भरतीचं सोपं गणित: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती.

काठावरचो मालवणी:
हे मुंबईकडचं गणित. आमच्याकडे भरती त्याआधी येते. छापील कोष्टक बघा. भरतीचं काम खाडीच्या मुखाशी पडतं: आचरा, तळाशील, देवबागला कर्ली. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि समोरून लाट येते, तिथे होडी टोकावर उभी होते. ही मुखं भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं तेव्हाच ओलांडा.

रानवाटा:
सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र, घेणार असाल तर नको. परवानगीशिवाय तसली यंत्रं बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. निघण्याआधी सागरी पोलिसांना मार्ग कळवा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

हिप्परगेकर:
सगळ्यांचं वाचलं. पण मुक्काम अजून कुणीच सांगितला नाही.

काठावरचो मालवणी:
सांगतो. देवगड ते आचरा मध्ये कड्यांचे पट्टे आहेत, तिथे वारा वाढला तर लागायला जागा नाही. हवेच्या होडीनं तो भाग सोडा. आचऱ्यापासून सुरू करा. पहिला मुक्काम तोंडवळी-तळाशील, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, वाळू भरपूर. पुढे तारकर्लीच्या अलीकडे, नंतर निवती. तंबू भरतीच्या खुणेच्या बराच वर, आणि गावात विचारूनच. पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोराजवळ होडी लावू नका, त्यांची सकाळची कमाई त्या जाळ्यात असते. आणि पहिल्या दिवशी सामान न भरता आचऱ्याला मुद्दाम होडी उलटवा, पाण्यातून परत चढता येतं का बघा. चौघांनाही जमलं तरच पुढे.

सोन्नलगी:
आचऱ्याला जीप राधानगरीवरून फोंडा घाटानं न्या. तिथून येताना मला सोलं आणता आली तर बघा.

हिप्परगेकर:
जीपवाल्याला आचरा सांगतो. उलटवून चढायचा सराव रविवारी हिप्परग्यावरच करतो, समुद्रात पुन्हा करू. वेंगुर्ल्याहून परत यायला दोन होड्या आणि चौघं बसतील अशी गाडी कुणाच्या माहितीत आहे का?