टेरी कॅलियर कोणी ऐकलाय का?

मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडच्या २००६ च्या 'लिव्ह विथ मी' या गाण्यातला तो भारदस्त आवाज कुणाचा म्हणून शोधत गेलो तर हा शिकागोचा माणूस सापडला, आणि याचे सत्तरच्या दशकातले अल्बम निघाले की! मग मधली इतकी वर्षं होता कुठे? आणि सुरुवात कुठून करू?

रिकामटेकडा: नशीबच फुटकं हो त्याचं. पहिला अल्बम १९६४ ला रेकॉर्ड झाला तर प्रोड्युसर टेपा घेऊन मेक्सिकोला गेला, रेकॉर्ड बाजारात आली १९६८ ला. सोल गायक कर्टिस मेफिल्डचा लहानपणचा दोस्त हा, तो कुठल्या कुठे पोचला. कॅडेट या रेकॉर्ड कंपनीसाठी प्रोड्युसर चार्ल्स स्टेपनीबरोबर तीन अल्बम केले, काय ती व्हायोलिनं, पण खप नाही. माझ्या मते फोक, सोल, जॅझ सगळंच एकात असल्यामुळे विकायचं कसं तेच कंपनीला कळेना.

निवांत_ऐकणारी: १९८३ ला मुलीला सांभाळायचं म्हणून गाणं सोडलं, प्रोग्रामिंग शिकला आणि शिकागो युनिव्हर्सिटीत नोकरीला लागला. पुढे इंग्लंडातल्या डीजेंनी जुनी गाणी उकरून काढली, मग हा सुट्टी टाकून तिकडे गाऊन यायचा, ऑफिसात कुणाला पत्ता नाही. १९९८ च्या 'टाइमपीस' अल्बमनंतर बिंग फुटलं आणि नोकरीच गेली.

रिकामटेकडा: हो आणि 'व्हॉट कलर इज लव्ह' या अल्बमपासून सुरू कर, पहिलंच गाणं नऊ मिनिटांचं आहे, स्किप करू नकोस. द डेल्स या सोल ग्रुपचं 'द लव्ह वी हॅड' हे गाणं पण यानेच लॅरी वेडबरोबर लिहिलंय, ते हिट झालं होतं.