टेबल फॅनच्या मानेचा गियर: छापला आणि पाचव्या दिवशी लवंडला

खटावकर
बाबांचा १९८६ चा टेबल फॅन. मोटर ठणठणीत, पण मान फिरवणारा प्लास्टिकचा गियर गेलाय. पंखा एकाच बाजूला तोंड करून बसतो. वारा बाबांना, घाम आईला. साताऱ्यात चार दुकानं पालथी घातली. "नवा घ्या" हा सल्ला चारही ठिकाणी फुकट मिळाला.

शेवटी भाच्याच्या थ्रीडी प्रिंटरवर पीएलएमध्ये (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) छापला. जुन्या गियरचे दात २४, बाहेरचा व्यास व्हर्नियरने २५.५ मिमी, तेच आकडे फ्रीकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घातले. पहिल्या दिवसापासून टकटक. पाचव्या दिवशी उघडलं तर दात मऊ पडून एका अंगाला लवंडलेले. चुकलं काय, मटेरियल की माप?

उद्यमनगरचा टर्नर
दोन्ही. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि गियरची पेटी मोटरच्या पाठीलाच चिकटलेली. दुसरं काय होणार?

पण भावा, तू झिजलेला गियर छापलास! प्लास्टिक झिजतं, मोटरच्या शाफ्टवरचा लोखंडी वर्म, म्हणजे गियर फिरवणारे स्क्रूसारखे आटे, सहसा नाही. माप त्याचं घे. चार आट्यांचं अंतर मोज, चारानं भाग. एका आट्याला ३.१४ च्या आसपास आलं की मॉड्यूल, म्हणजे दातांच्या आकाराचं माप, १. मग बाहेरचा व्यास दात २४ अधिक २, म्हणजे २६ मिमी. तुझा अर्धा मिमी तिथं गेला. दात किंचित तिरके असतात तेही बघ, सरळ काढलेस तर वर्म कडेलाच घासणार.

नायलॉनच्या रॉडमधून हॉबिंगवर (दात कापायचं मशीन) निघेल, पण एका नगासाठी मशीन कोण लावतंय? एका नगाला तुझा प्रिंटरच बरा. टर्नर असून सांगतोय, आमच्या गल्लीत बोलू नकोस.

पाबळचा जुना विद्यार्थी
नायलॉनच घ्या, पण आधी वाळवा. हवेतली ओल शोषतं, मग छापताना तडतडतं आणि थर एकमेकांना धरत नाहीत. गियर आडवा झोपवून, आतून भरीव छापा. पूर्ण छापण्याआधी २ मिमीची चकती काढून वर्मवर फिरवून बघा. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब (यंत्रांवर स्वतः वस्तू बनवायची कार्यशाळा) आहे, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली. तिथं शिकताना लागलेली ही सवय. बरंच फिलामेंट, म्हणजे प्रिंटरची प्लास्टिकची तार, वाचलंय.

खटावकर
चार आटे १२.५ मिमी. टर्नरसाहेब, दंडवत. पहिली चकती अडकली, कारण तिरकेपणा मी उलट्या बाजूला दिला होता. दुसरी बसली. नायलॉनचा गियर ग्रीस लावून चढवला, आज बारावा दिवस, टकटक नाही. आई खूश. बाबा दहा मिनिटं पंख्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "पूर्वी डावीकडं जास्त यायचा."