अनुभव धागा: ऑफिसातल्या मेल सर्व्हरला नाव कसं दिलंत?

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात पोस्टफिक्स (मेल पोहोचवणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉटवर (पेटीतले मेल वाचायला देणारा) आतला मेल सर्व्हर चालतो. परवा मशीन बदललं आणि दोन रात्री त्यात गेल्या. इन्स्टॉल करताना होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, नुसतं 'मेल' दिलं. पोस्टफिक्सला डोमेनसकट (मेलच्या पत्त्यात @ नंतर येतं ते) पूर्ण नाव लागतं, ते मिळालं नाही म्हणून त्याने शेपटीला 'लोकलडोमेन' जोडलं आणि बॅकअपचे सगळे मेल त्या पत्त्यावरून यायला लागले. होस्ट्स फाइलमध्ये (मशीनवरची आयपी आणि नावांची यादी) आयपीनंतर आधी पूर्ण नाव, मग छोटं नाव, असा क्रम लावला आणि पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये मायहोस्टनेम हाताने लिहिलं, तेव्हा सुटलं. तुम्ही कुठे अडलात? सविस्तर लिहा.

महापे
आमच्याकडे दोन कंपन्या, सर्व्हर एकच. दोन्ही डोमेन मी मायडेस्टिनेशनमध्ये, म्हणजे ज्या डोमेनचा मेल याच मशीनवर उतरवायचा त्यांच्या यादीत टाकली. त्या यादीतल्या सगळ्या डोमेनना मशीनवरचे तेच युजर लागू होतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. दोन्हीकडचं 'अकाउंट्स' एकाच पेटीत पडू लागलं. एका कंपनीचा पगाराचा तक्ता दुसरीच्या अकाउंट्सच्या ताईंसमोर उघडला. त्या उठून माझ्या टेबलापाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, हे मला दिसायला नको होतं." फार वाईट वाटलं मला.

मग व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स (मशीनवरच्या युजरशी न बांधलेल्या डोमेनची वेगळी यादी) वापरून प्रत्येक पत्त्याला वेगळी पेटी दिली. पण डोमेन मायडेस्टिनेशनमधून काढायचं राहिलं. नव्या मुलाला पाठवलेला मेल 'युजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल' (मशीनवर असा युजरच नाही) म्हणत परत यायचा. डोमेन दोन्हीकडे असेल तर मायडेस्टिनेशनचंच चालतं. पोस्टफिक्स लॉगमध्ये तशी ताकीद देतं, मी लॉग उघडलाच नव्हता. आता तिथे फक्त मशीनचं नाव आणि लोकलहोस्ट आहे.

तुर्भे
व्हर्च्युअलची हॅश फाइल (पत्त्यांची यादी) बदलली की पोस्टमॅप ही कमांड चालवा, पोस्टफिक्स तिने बनवलेली फाइलच वाचतं. मी अख्खी दुपार टेक्स्ट फाइलच बघत बसलो होतो.

नेरुळ
आतल्या डोमेनला '.लोकल' लावू नका, कळकळीने सांगतो. २०१३च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या मानकाने ते मल्टिकास्ट डीएनएसला (सर्व्हरशिवाय जवळच्या मशीनची नावं शोधायची पद्धत) दिलंय. आमचे विंडोज पीसी व्यवस्थित चालायचे, पण मॅकबुकांना सर्व्हर सापडायचाच नाही, कारण ते आपल्या डीएनएस सर्व्हरला (नावावरून आयपी सांगणारा) विचारतच नव्हते. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने २०२४मध्ये '.इंटर्नल' खासगी वापरासाठी राखून ठेवलं. तरी माझं मत विचाराल तर स्वतःच्या विकत घेतलेल्या डोमेनचं सबडोमेन घ्या. त्याला सर्टिफिकेटही (सर्व्हर खरा असल्याचा दाखला) सरळ मिळतं.

पाचपाखाडी
सर्टिफिकेटवरून आठवलं. आमच्या शाळेत शिक्षकांनी फोनमध्ये सर्व्हरचा आयपी टाकला होता आणि रोज इशारा यायचा. सर्टिफिकेटवरचं नावच टाकायला लावलं, थांबलं.

ऐरोली
आतलाच सर्व्हर असला तरी एखादा मेल बाहेर जातोच. हेलोमध्ये, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरला पहिली ओळख देताना, मायहोस्टनेम जातं, आणि जे नाव बाहेरच्या डीएनएसमध्ये नाही ते काही सर्व्हर दारातच नाकारतात. आम्ही रिलेहोस्ट हे सेटिंग लावून इंटरनेट प्रोव्हायडरच्या सर्व्हरमधून पाठवतो. पाठवणाऱ्याचा आतला पत्ता एसएमटीपी जेनेरिक मॅप्सने (आतला पत्ता आणि त्याचा बाहेरचा पत्ता यांची यादी) बदलतो.

वागळे इस्टेट
महापेकर, मनापासून आभार. आत्ताच पाहिलं, आमचंही डोमेन दोन्हीकडे आहे. सोमवारी रुजू झालेल्या स्टोअरकीपरला एकही मेल का मिळत नाही, ते आता कळलं. दुसरी पाळी सुटली की बदलतो आणि लॉग इथे टाकतो.